आर्थरचं राज्य राणीने बुडवलं? आधी मॅलरी उघडा

नात्यातल्या एका ज्येष्ठांनी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली माझ्या भाचीला टॅग करून ‘जरूर वाच’ असं लिहिलं. तिची घटस्फोटाची केस चालू आहे, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. मेसेजचं म्हणणं असं: आर्थर हा मध्ययुगीन इंग्लंडचा आदर्श राजा, त्याचे सरदार स्त्रियांसाठी जीव ओवाळून टाकायचे, पण राणी ग्विनिव्हिअर त्याच्याच सरदाराच्या, लान्सलॉटच्या नादी लागली आणि सोन्यासारखं राज्य धुळीला मिळालं. हा इतिहास महाकवी टेनिसनने जसाच्या तसा काव्यात उतरवला. शेवटी अर्थातच मुलींवरचे संस्कार.

‘इतिहास’ हा शब्द आधी काढा. आर्थर नावाचा राजा होऊन गेल्याचा त्या काळातला एकही पक्का पुरावा नाही.

आता ‘जसाच्या तसा’. टेनिसन हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी. त्याचा मुख्य आधार म्हणजे टॉमस मॅलरीचा आर्थरकथांचा ग्रंथ, कॅक्स्टन या मुद्रकाने १४८५ मध्ये छापलेला. १६३४ नंतर तो जवळजवळ दोन शतकं पुन्हा छापलाच गेला नाही. १८१६ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या आणि पुढे व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, कवींनी त्यातून हवं ते उचललं. टेनिसनने काय गाळलं ते बघा. मॅलरीच्या कथेत राज्य बुडवणारा मॉर्ड्रेड हा आर्थरचाच मुलगा आहे. राजा लॉटच्या बायकोपासून झालेला. ती आपली सावत्र बहीण आहे हे आर्थरला माहीत नव्हतं, पण ती दुसऱ्याची बायको आहे हे चांगलं माहीत होतं! पुढे मर्लिन या जादूगाराने भाकीत केलं की मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेलं मूल तुझा नाश करेल. तेव्हा या आदर्श राजाने त्या दिवशी जन्मलेली सरदारांची मुलं गोळा करून जहाजातून समुद्रात सोडली. जहाज फुटलं, बहुतेक मुलं मेली, मॉर्ड्रेड वाचला. टेनिसनने मॉर्ड्रेडला लॉटचा मुलगा करून टाकलं. राजाचं पाप असं पुसलं की उरतं फक्त राणीचं.

आणि मॅलरीत राज्य बुडतं तरी कसं? लान्सलॉटशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून राणीला जाळायला नेतात, लान्सलॉट तिला चितेपासून वाचवतो, त्या गर्दीत आर्थरचा भाचा गवेन याचे दोन नि:शस्त्र भाऊ त्याच्या हातून मारले जातात. पोपच्या हुकुमावरून आर्थर राणीला परत नांदवतो. हो, नांदवतो! गवेनला मात्र सूड हवा असतो, म्हणून राजा लान्सलॉटच्या मागे फ्रान्सवर चालून जातो. मागे मॉर्ड्रेड राजा मेल्याची हूल उठवून गादी बळकावतो आणि राणीशी लग्न लावायला निघतो. ती त्याला चकवून लंडनच्या टॉवरमध्ये शिरते, दरवाजे बंद करते, वेढा पडला तरी शरण जात नाही. मेसेज लिहिणाऱ्याला ही बाई माहीतच नाही.

एक मात्र नाइलाजाने मान्य करते. टेनिसनच्या १८५९ मधल्या ‘ग्विनिव्हिअर’ या काव्यात आर्थर पायाशी पडलेल्या राणीला खरोखरच असं ऐकवतो की सगळा विध्वंस तुझ्यामुळे झाला. पण हा मध्ययुगाचा आवाज नव्हे. दोनच वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा नवा कायदा आला होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, सोडून जाणं असलं आणखी काहीतरी दाखवावं लागे. त्या समाजाचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं हे भाषण आहे. तिथेही शेवटी आर्थर तिला क्षमा करतो, ती ओळ मेसेजमधून बरोबर गळली आहे. आणि व्हिक्टोरियन कवींचं यावर एकमतही नव्हतं. १८५८ मध्येच विल्यम मॉरिसने याच राणीला आरोप करणाऱ्यांसमोर उभं करून स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडून मांडू दिली होती.

राहिले जीव ओवाळणारे सरदार. आर्थरच्या दरबारातल्या, ‘गोलमेजाच्या’ सरदारांची स्त्रियांना मदत करण्याची शपथ मॅलरीत आहे, नाही असं नाही. पण ती कधी घेतली जाते? आपल्या सरदाराला वाचवायला आडव्या पडलेल्या एका बाईचं डोकं गवेनच्या तलवारीने चुकून उडतं, त्यानंतर. राजा पेलिनॉर मोहिमेच्या घाईत मदतीसाठी टाहो फोडणाऱ्या एका मुलीपुढून तसाच निघून जातो आणि ती मरते, त्यानंतर. ती पेलिनॉरचीच मुलगी होती.