लेन्सनं पाडलेला उजेड

जुना कॅमेरा विकणाऱ्याची दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘फार वापरलाच नाहीये’ आणि ‘एकदम मक्खन आहे’. मला विकणाऱ्यानं ही दोन्ही वाक्यं ठाणे स्टेशनात इंडिकेटरखाली उभं राहून म्हटली, आणि तीही माझ्या नवऱ्याकडे बघत. कॅमेरा मी घेत होते, पैसे माझे होते, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते मी विचारत होते. नवरा पिशवी धरायला आला होता. पण लेन्सचा विषय निघाला की लोकांना समोर मिशी लागते.

डीएसएलआर, म्हणजे पोटात आरसा असलेला कॅमेरा, आणि सोबत ५० मिलिमीटरची जुनी, एफ १.८ची लेन्स. कंपनीचं नाव सांगत नाही. म्हातारपणाचा दोष घराण्याला लावू नये. तिथल्या तिथे चार फोटो काढून पाहिले. नवरा स्वच्छ, मागची गर्दी मऊ धूसर. विरार फास्टमध्ये चढायला निघाल्यासारखा कायम वैतागलेला दिसणारा माणूस एकाएकी विचारवंत वाटायला लागला. मी पैसे मोजले.

आता यातली मेख सांगायला हवी. प्लॅटफॉर्मच्या छपराखाली उजेड बेताचा, म्हणून कॅमेऱ्यानं लेन्स पूर्ण उघडी ठेवली होती. लेन्सच्या पोटात पातळ पात्यांचं एक कडं असतं, तेच अ‍ॅपर्चर. उजेड जास्त असला की ही पाती मिटतात आणि भोक लहान होतं. या भोकाचे ‘एफ’ आकडे येतात असे: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. कुठल्याही पाढ्यात न बसणारा हा पाढा, पण दर पायरीला उजेड बरोब्बर निम्मा होतो. शिवाय आकडा मोठा तेवढं भोक लहान. हे सासऱ्यांना पटेना, तेव्हा मी म्हटलं, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं आहे, आकडा वाढत जातो आणि आत येणारं कमी कमी होत जातं. त्यांना लगेच पटलं.

थोडक्यात, पाती मिटतात की नाही हे स्टेशनातल्या त्या चार फोटोंवरून कळायला काही मार्गच नव्हता. ते कळलं आमच्या मुलुंडच्या गच्चीवर, जावेच्या डोहाळजेवणाला.

फुलांनी मढवलेला झोपाळा, हिरवी साडी, भरदुपारचं ऊन. मागच्या रांगेतल्या आत्यासुद्धा स्पष्ट याव्यात म्हणून मी एफ ८ लावलं आणि धडाधड फोटो काढत सुटले. उन्हात मागच्या स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं, बाकी काही दिसत नाही. खाली घरात येऊन पाहिलं तर जाऊ गायब. झोपाळ्यावर पांढऱ्या धुक्यात एक कुंकू आणि एक नथ तरंगत होती. पाती १.८वरच उघडी राहिली होती. ८ आणि १.८ यांत उजेडाचा फरक जवळजवळ वीसपट. आत्यांची रांग तर थेट स्वर्गात पोचली होती.

काही फोटोंत मात्र पाती अर्धवट मिटली होती, आणि घोटाळा तिथे झाला. कारण ते फोटो नातेवाइकांना भयंकर आवडले. मावससासूबाईंनी स्वतःचा फोटो दहा वेळा मोठा करून पाहिला. “अगं, काय कॅमेरा घेतलायस! कातडीचा खरा रंग आला बघ.” त्यांच्या कातडीचा तो रंग मी लग्नापासून कधी पाहिलेला नाही. त्यांनी तो फोटो डीपीला लावला आणि धाकट्या लेकीचा स्थळांसाठीचा फोटो माझ्याकडूनच काढायचा असं जाहीर केलं. मी म्हटलं, कॅमेरा बिघडलाय. त्या म्हणाल्या, मग महिनाभर दुरुस्त करू नकोस.

दुरुस्तीचा विषय निघाल्यावर घरातल्या प्रत्येकात दडलेला मेकॅनिक बाहेर आला. दीर म्हणाला, रिसेट मार. त्याचं लग्नही मोडायच्या बेताला आलं होतं तेव्हा त्यानं हाच उपाय सुचवला होता. सासूबाई म्हणाल्या, तांदळात ठेव, रात्रभरात ओल खेचून घेतो. मी म्हटलं, आई, आत ओल नाहीये. “नसली तरी खेचेल,” त्या म्हणाल्या. लेन्सच्या मागच्या भोकातून सोंडे आत गेले तर प्रत्येक फोटोत माणसांबरोबर त्यांचाही समावेश होईल, या भीतीनं मी डबा कडीकुलपात ठेवला. सेक्रेटरी काका खोडरबर घेऊनच आले. लेन्सवरचे सोनेरी संपर्कबिंदू घासायला! सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यात बसते ते कडं) आणला तेव्हापासून त्यांच्याकडे अ‍ॅपर्चरचा सगळा कारभार विजेच्या निरोपांवर चालतो. तिथे बिंदू मळले की कॅमेरा एरर दाखवून रुसतो. पण तिथेही कोरडं मऊ फडकं बरं. खोडरबराचे कण नेमके जिथे जाऊ नयेत तिथे जातात. आणि माझी लेन्स होती दांडीवाली. निकॉनच्या १९५९पासूनच्या एफ माउंटवर, पेंटॅक्सवर, कॅमेऱ्यातली एक बारीक दांडी लेन्सच्या दांडीला ढकलते. शुद्ध यंत्रकाम. दांडी म्हटल्यावर ती कधीतरी मारली जाणारच.

या दांडीचं वागणं कळलं तेव्हा मला कॅमेरा बनवणाऱ्यांच्या धूर्तपणाची कमाल वाटली. डीएसएलआरमधून तुम्ही बघत असता तेव्हा दांडी पाती सताड उघडी धरून ठेवते, म्हणजे तुम्हाला सगळं लख्ख दिसावं. तुम्ही १६ लावा नाहीतर २२, दिसायला काही फरक नाही. बटण दाबलं की आरसा वर उडतो, डोळ्यापुढे अंधार होतो, आणि त्याच अंधारात दांडी सुटते, स्प्रिंग पाती मिटवते, शटर उघडून बंद होतं, पाती पुन्हा उघडतात, आरसा खाली येतो. पुन्हा सगळं लख्ख. म्हणजे जो काही गुन्हा घडतो तो तुमचे डोळे झाकलेले असतानाच. साक्षीदार कोणी नाही.

साक्षीदार एकच, तो म्हणजे माउंटच्या शेजारचं एक लहानसं बटण, ज्याला आयुष्यात कोणी हात लावत नाही. ते दाबलं की फोटो न काढताच पाती मिटतात आणि समोरचं दृश्य तात्काळ अंधारतं. माझ्याकडे ते अंधारायचं, पण विचार करून. मग ऑफिसातल्या एकीची १८-५५ लेन्स उसनी आणली. (ती देताना म्हणाली, “आता कोण वापरतं हे, मिररलेस घे.” सल्ल्याबरोबर तो बिनआरशाचा कॅमेराही दिला असता तर मी ऐकलं असतं.) ए मोड लावून सोसायटीच्या पांढऱ्या भिंतीचे एकेक पायरी चढत फोटो काढले. या मोडमध्ये भोकाचा आकडा आपण लावायचा, शटरचा हिशेब कॅमेरा स्वतः सांभाळतो, म्हणून सगळे फोटो सारख्याच उजेडाचे यायला हवेत. उसन्या लेन्सनं ते आले. माझीनं १.८ला भिंत दाखवली, ४ला चुना, आणि १६ला थेट मोक्ष. म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी निर्दोष सुटली, लेन्स अडकली.

शेवटी लेन्स काढून मागची दांडी नखानं ढकलली. पाती उघडली. सोडली की खटकन मिटायला हवीत. ती मिटली, पण दुपारची वामकुक्षी मोडल्याच्या रागात, सावकाश, आणि सातांपैकी दोन पाती वाटेतच थबकली. टॉर्च मारला तर त्यांच्यावर तेलाचा तवंग चमकत होता.

बोरा बाजारात एका जिन्यावरच्या खोलीत लेन्स उघडणारे एक काका बसतात. जिना असा की वर पोचेपर्यंत माणसाचंच शटर उडावं. काकांनी लेन्स हातात घेतली, एकदा दांडी हलवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, “तेल आलंय.” पिशवी धरून उभ्या असलेल्या नवऱ्यानं गंभीरपणे मान हलवली.

“कुठून आलं?” मी विचारलं.

“फोकसच्या आट्यांना ग्रीस असतं,” काका त्यालाच म्हणाले. “माळ्यावर पडून राहिली असेल लेन्स. उकाड्यानं ग्रीस सुटतं आणि पात्यांवर उतरतं. मुंबईत लेन्सला घाम येतो साहेब.”

मी मग हिशेबात शिरले. पाती धुणार की नुसती पुसणार? पुसली तर तेल चार दिवसांत परत येतं. आट्यांचं ग्रीस बदलणार का? इन्फिनिटी, म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस, पुन्हा जुळवणार का? काकांनी पहिल्यांदाच चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि नऊशे म्हणता म्हणता सातशे म्हणाले. नवऱ्याला त्यांनी स्टूल दाखवलं, “तुम्ही बसा.”

परत न्यायला गेलो त्या दिवशी लख्ख ऊन होतं, म्हणून तपासणी सीएसएमटीच्या समोरच केली. कडक उन्हात एफ १६, आयएसओ (म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१०० सेकंद हा जुना हिशेब जुळला तर लेन्स खरं बोलतेय असं समजावं. जुळला. घुमटावरच्या पुतळ्यापासून रस्त्यावरच्या टॅक्सीच्या नंबरापर्यंत सगळं जिथल्या तिथे. मी खूश होऊन आणखी काढत होते तेवढ्यात एक कुटुंब येऊन उभं राहिलं. गृहस्थांनी नवऱ्याला विचारलं, “एक कॉपी कितीला?” नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“फुकट काढते, उभे राहा,” मी म्हटलं.

“पण मागची बिल्डिंग अख्खी दिसली पाहिजे हां!”

हेच तर मला हवं होतं. एफ ११. आजोबांच्या टोपीपासून मागच्या घड्याळाच्या काट्यांपर्यंत सगळं धारदार. स्क्रीनवर हाताची सावली धरून मी त्यांना दाखवलं. गृहस्थांनी बराच वेळ निरखलं.

“बिल्डिंग झकास आलीय,” ते म्हणाले. “पण मी काळा आलोय. जरा उजळ नाही का होणार?”

“गेल्या महिन्यात यायचं होतं,” नवरा म्हणाला.