फॅक्टरी रीसेट ही सेन्सरची दुरुस्ती नव्हे

जळगाव-भुसावळकडच्या गृहसंकुलांच्या आणि व्यापारी इमारतींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक सल्ला फिरतो आहे. इमारतीतील सगळे स्मार्ट सेन्सर दर सहा महिन्यांनी पिनेने बटण दहा सेकंद दाबून फॅक्टरी रीसेट करावेत (कारखान्यातून आले तेव्हाच्या मूळ स्थितीत न्यावेत), म्हणजे ते नव्यासारखे अचूक होतात, नंतर आपोआप जोडले जातात, हॅकिंगची भीती उरत नाही आणि तंत्रज्ञाचा खर्चही वाचतो, असे त्याचे म्हणणे आहे. अशा यंत्रणा बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी रोज करतो. या सल्ल्यातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही आणि तो पाळल्याने नुकसान होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला दावा अचूकतेचा. रीसेटने सेन्सरच्या स्मृतीतील नोंदी पुसल्या जातात. त्यावर बसलेली धूळ, कापसाचा तंतू किंवा जुना झालेला घटक आहे तसाच राहतो. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, पश्चिमेच्या खोल्यांच्या भिंती आतूनही त्वचेइतक्या, म्हणजे ३४-३५ अंशांपर्यंत तापतात, तेव्हा तो फरकच नाहीसा होतो आणि खोलीत माणूस बसलेला असताना दिवा विझतो. यावर उपाय म्हणून बसवणाऱ्याने संवेदनशीलता आणि दिवा विझण्याआधीची वेळ वाढवून ठेवलेली असते. रीसेटने नेमकी तीच सुधारणा पुसली जाते.

कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरची गोष्ट याहून नाजूक आहे. यांतील अनेकांत स्वतःची चूक स्वतः सुधारण्याची सोय असते: साधारण आठवडाभरात मिळालेले सर्वांत कमी मोजमाप हे बाहेरच्या मोकळ्या हवेचे, म्हणजे ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) आसपासचे, असे सेन्सर गृहीत धरतो. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे गृहीतक चालते. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवण्याच्या बंद खोलीत), जिथे हवा क्वचितच पूर्ण मोकळी होते, तिथे ते चालत नाही, म्हणून जाणकार ही सोय बंद करून ठेवतो. ज्या सेन्सरमध्ये ती कारखान्यातूनच चालू येते, त्याला रीसेट केले की ती पुन्हा चालू होते, सेन्सर चेंबरमधल्या कोंदट हवेलाच शुद्ध हवा समजू लागतो आणि आकडा कमी दाखवतो. मग हवा बाहेर काढणारा पंखा वेळेवर सुरू होत नाही, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १ टक्क्याच्या वर गेले की फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूचा परिणाम मंदावतो, आणि माल एकसारखा पिकत नाही.

दुसरा दावा आपोआप जोडले जाण्याचा. गेल्या आखाजीच्या सुट्टीत एका तीन मजली कार्यालयात कोणीतरी एकाच आरएस-४८५ वायरीवरचे (अनेक उपकरणे एकाच तारेवर जोडण्याची पद्धत) अकरा तापमान सेन्सर रीसेट केले. अशा वायरीवर उपकरणे ज्या मॉडबस नावाच्या भाषेत बोलतात, तिच्यात प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ यांपैकी स्वतंत्र पत्ता द्यावा लागतो. रीसेटनंतर अकराही सेन्सर पत्ता १ वर आले. नियंत्रण पॅनेलने एकाला हाक मारली की अकरा जण एकदम उत्तर देत, आणि पडद्यावर सगळीकडे फक्त टाइमआउट, म्हणजे ‘वेळेत उत्तर नाही’. आम्ही एकेक सेन्सर टर्मिनलमधून सोडवला, एकटा जोडून त्याला पत्ता दिला. कोणता पत्ता कोणत्या खोलीचा, याचा तक्ता कोणाकडेच नव्हता. तेव्हा सेन्सर मुठीत धरून गरम करायचा आणि कुठल्या खोलीचा एसी सुरू होतो ते बघायचे, एवढाच मार्ग उरला. तेही सकाळी लवकर, कारण दुपारी खोलीच मुठीइतकी तापलेली असे. या कामात दीड दिवस गेला.

बिनतारी सेन्सरांचेही तेच आहे. झिगबी या बिनतारी पद्धतीचा सेन्सर रीसेटनंतर जाळ्याची किल्ली (नेटवर्कचा गुप्त संकेत) विसरतो आणि सगळ्या सेन्सरांना जोडणाऱ्या गेटवे या मध्यवर्ती उपकरणावर जोडणी उघडल्याशिवाय परत येत नाही. गेटवेच रीसेट झाला, तर बहुधा सगळी उपकरणे एकेक करून नव्याने जोडावी लागतात.

सुरक्षिततेचा दावा तर उलटाच आहे. रीसेटने बहुतेक उपकरणांत कारखान्यातला मूळ पासवर्ड परत येतो, आणि २०१६ मध्ये मिराई नावाचा घातक प्रोग्राम अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या आधारे लाखो उपकरणांत शिरला होता.

खर्च वाचतो म्हणावे, तर एक साधे उदाहरण पुरे. वीज मीटरला २०० भागिले ५ चा सीटी (मोठा विद्युतप्रवाह मोजण्याजोगा लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) लावला असेल, तर त्याच्या मोजमापाला ४० ने गुणावे लागते. रीसेटने हे गुणोत्तर पुसले गेले, तर मीटर प्रत्यक्षाच्या चाळिसाव्या भागाइतकीच वीज दाखवतो आणि भाडेकरूंच्या बिलांची वाटणी कोलमडते.

रीसेट कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. सेन्सर अडकला असेल, तर आधी फक्त वीज बंद करून पुन्हा सुरू करावी. त्याने सेटिंग पुसली जात नाहीत आणि बऱ्याचदा काम भागते. उपकरण दुसऱ्या इमारतीत न्यायचे असेल, इमारतीची मालकी बदलली असेल किंवा जुना पासवर्ड कोणालाच माहीत नसेल, तर फॅक्टरी रीसेट योग्यच आहे. (आगीच्या पॅनेलवरचे ‘रीसेट’ बटण मात्र वेगळे, ते वाजलेली सूचना मिटवते, आणि कारण शोधल्याशिवाय त्याला हात लावू नये.) रीसेटआधी पत्ता, जागा, मर्यादा, वेळ आणि गुणोत्तर एका तक्त्यात लिहून घ्यावे. नंतर सगळे परत भरून खोलीत प्रत्यक्ष चालून दिवा लागतो का ते पाहावे, मीटरचा आकडा क्लॅम्प मीटरशी (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे उपकरण) ताडून घ्यावा, आणि तक्त्याची एक प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावी.