खुलासा: कॅश बायर हा नुसता दलाल नसतो

‘जहाज तोडणीतला कॅश बायर फक्त कमिशन खातो, जहाज मालकाकडून थेट यार्डाकडे (जहाज तोडणाऱ्या कारखान्याकडे) जातं’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सौदा जुळवून कमिशन घेणारा दलाल वेगळा. कॅश बायर जहाज स्वतः विकत घेतो. बिल ऑफ सेल (विक्रीखत) त्याच्या किंवा त्याने उभ्या केलेल्या कंपनीच्या नावे होतं. मग तो ते भारतातल्या अलंग, बांगलादेशातल्या चट्टोग्राम किंवा पाकिस्तानातल्या गडानीच्या यार्डाला विकतो. यार्ड बहुधा लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर घेतं, मूळ मालकाला मात्र ताबा देतानाच पूर्ण रक्कम हवी असते. मधला पैसा कॅश बायर घालतो.

मेसेजमध्ये जहाजाच्या किमतीचा हिशेबही आहे, तो डीडब्ल्यूटीवर, म्हणजे भार वाहण्याच्या क्षमतेवर केलाय. भाव ठरतो एलडीटीवर: माल, इंधन, बॅलास्ट वगळून जहाजाचं स्वतःचं वजन. समजा १०,००० एलडीटीचं जहाज घेतलं आणि विकण्याआधी भाव टनामागे २० डॉलरने उतरला, तर २ लाख डॉलर कॅश बायरचे बुडाले. ‘आहे तिथे, आहे तसं’ घेतलं असेल तर शेवटच्या प्रवासाचं इंधन, खलाशी, विमा हेही त्याच्याच माथी.

मालकी बदलताना अनेकदा जहाजाची नोंदणीही बदलून कोमोरोससारख्या छोट्या देशाचा झेंडा लावला जातो आणि मूळ मालक नामानिराळा राहतो, ही टीका मात्र रास्तच आहे.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.