सिंथ कीबोर्डवर होल्ड आणि आर्पेजिएटरची बटणं अशी कुणी टाकली रे?

खरंच विचारतोय, हे सिंथ बनवणारे लोक कधी हळदीच्या नाहीतर गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला उभे राहिलेत का? डोळ्यात लाल-निळे लाइट, धूर सोडलाय, गायिकेने ऐनवेळी काळी दोनची पट्टी सांगितलीय, आणि मी पट्टी बदलायचं ट्रान्सपोज दाबायला जातो तर त्याला खेटून त्याच आकाराचं, त्याच रंगाचं आर्पेजिएटरचं बटण, म्हणजे दाबलेले सूर एकेक करून आपोआप फिरवत राहणारं. झालं, भर लावणीत टुंगटुंगटुंगटुंग सुरू! वर होल्ड पण ऑन, म्हणजे हात उचलला तरी थांबत नाही. लोकांना वाटतं कीबोर्डवाला पिऊन आलाय.

आणि मुद्दाम वापरायला जावं तर अजून डोक्याला ताप. ए मायनर कॉर्डवरून (ए, सी, ई) एफवर (एफ, ए, सी) जायचं, ए आणि सी दोन्ही कॉर्डमध्ये आहेत म्हणून ती बोटं तशीच ठेवायची, ई सोडायचा, एफ दाबायचा, बरोबर? सगळे असंच शिकतात. पण माझ्याकडच्या मशीनवर होल्ड चालू असताना एक जरी बोट खाली राहिलं की ते नवा सूर जुन्या कॉर्डमध्येच मिळवून टाकतं, मग ए सी ई एफ चौघं गरागरा फिरत बसतात, ई आणि एफ एकमेकांना चिकटून, कानात दाभण घातल्यासारखं. म्हणजे दर कॉर्डला पूर्ण हात उचलायचा, तोही अगदी समेवर. जमवतो पण आम्ही, काय करणार.

लयीचं तर बोलूच नका. आपल्याकडे गाणं चढत जातं ना भाऊ, ढोलकीवाला शेवटच्या अंतऱ्यात कुठल्या कुठे जातो आणि ते जाणं हीच तर मजा. आर्पेजिएटर मात्र मिनिटाला १२० ठोके म्हणजे १२०. बोटाने ठोकून लय द्यायला टॅप टेम्पो आहे म्हणे! कुठे? शिफ्ट दाबून धरून दुसऱ्या हाताने टॅप करायचं, मग वाजवू कशाने, नाकाने? एक शहाणा म्हणाला मिडी क्लॉकने सिंक कर, म्हणजे केबलमधून दुसऱ्या मशीनची लय घे. मिडीत एका मात्रेला २४ टिक जातात हे मलाही माहितीये, ऑक्टोपॅडचा, त्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचा, तरी विचार करता येईल, ढोलकीला केबल कुठे खुपसू?

नॉब चारच. प्रत्येकाला तीन-तीन कामं. आधीच्या पॅचवर, म्हणजे साठवलेल्या आवाजावर, त्याची धार कमी-जास्त करणारा फिल्टर २० वर ठेवलेला, नवीन पॅचमध्ये आतली व्हॅल्यू ९०, नॉबला नुसता हात लावला की आवाज धाडकन खाली कोसळतो. ते टाळायला सेटिंग बदललं तर नॉब ९० ओलांडेपर्यंत काहीच होत नाही, मी आपला फिरवतोय फिरवतोय आणि तोवर म्युझिक पीस संपून गेला. जॉयस्टिकची वेगळीच तऱ्हा, शहनाईच्या टोनवर मींड घ्यायला बाजूला ढकलावी तर ती जरा पुढे पण सरकते आणि पुढे म्हणजे मॉड्युलेशन, सूर बकरीसारखा थरथरतो. दोन वेगळी चाकं दिली असती तर काय बिघडलं असतं? बरं बेंडची, म्हणजे सूर वाकवायची, रेंज दोनच सेमीटोन, वाढवायची तर मेनूत चार पानं आत, आणि पॅच सेव्ह करायचा राहिला की पुन्हा दोनच.

हे आधी जमत होतं हो, राग त्याचाच येतो. १९८१ च्या रोलँड ज्युपिटर-८ सिंथवर आर्पेजिओच्या मोडची, रेंजची बटणं सरळ समोर पॅनेलवर होती, आपल्या मुंबईच्या संगीतकार चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये त्याच मशीनवर राग वाजवून रेकॉर्ड केले. चाळीस वर्षांनी चिप स्वस्त झाली, मेमरी स्वस्त झाली, मग बटणालाच काय सोन्याचा भाव आला?

दुकानवाल्याला सांगितलं तर तो हसून म्हणतो, सर नवीन मॉडेल बघा ना, त्यात सगळं टचस्क्रीनवर दिलंय. टचस्क्रीन! मे महिन्यात, मांडवात, घामेजल्या बोटांनी!