मार खाऊन हनुवटी पक्की होत नाही

गेला महिनाभर कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि जिमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार वेळा आला. त्यातला एक आमच्या मामांनी पाठवला. मामा जुने पैलवान, पण बॉक्सिंगचा एकही सामना त्यांनी कधी शेवटपर्यंत बघितलेला नाही. मेसेज असा:

"बॉक्सरला ठोसा का लागत नाही? कारण तो रोज मार खातो! पैलवानाचा कान आखाड्यात मोडून दगड होतो, तसा बॉक्सरचा जबडा. मान जाड असली की डोकं हलतच नाही. वर ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट, म्हणजे गादीवर पडल्यासारखं. मोहंमद अलीनं सात राउंड फोरमनचे ठोसे खाल्ले आणि आठव्यात त्याला झोपवला. जो पडत नाही, त्याला काही होत नाही. पोरांना लहानपणापासून मार खायला शिकवा."

मी सात वर्षं बॉक्सिंग केलं, जिल्ह्याच्या पुढं मजल गेली नाही. त्यामुळे फार मोठा अधिकार सांगत नाही. पण मार भरपूर खाल्लाय, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

सुरुवात कानापासून, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्या कानावर उभा आहे. लढतीत कान घासला, चेमटला की कातडी आणि आतली कुर्चा (कानातलं लवचीक हाड) यांच्यामध्ये रक्त साठतं. कुर्चेचं पोषण तिच्यावरच्या आवरणातून होतं. ते सुटलं की कुर्चा मरते आणि त्या जागी वेडीवाकडी गाठ धरते. म्हणजे मोडलेला कान ही वेळेत उपचार न झालेली जखम आहे. पहिल्या दिवसांत डॉक्टरनं सुईनं रक्त काढून कान दाबून बांधला असता, तर तो बहुधा साधाच राहिला असता. कोल्हापुरात त्या कानाला मान आहे आणि तो असावा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर मोडक्या कानाचा म्हातारा आला तर मीही बाजूला सरकतो. पण तो मान त्याच्या मेहनतीचा. मोडल्यामुळे कान काही जास्त ऐकत नाही.

आता जबडा. ताण पडत राहिला की हाड थोडंफार घट्ट होतं, हे खरं. पण ठोसा बसून माणूस पडतो तो जबडा मऊ होता म्हणून नव्हे. 31 मार्च 1973 ला केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडला. अली तसाच पुढं लढला, बारा राउंड पूर्ण केले आणि गुणांवर हरला. जबडा मोडला, माणूस उभा. उलट जबड्याला चीरही नाही आणि माणूस आडवा, असे सामने तर कितीतरी.

त्याचं कारण हाडात नाही, आत आहे. सव्वा ते दीड किलोचा मेंदू, लोण्यापेक्षा फार घट्ट नाही, कवटीतल्या पाण्यात तरंगत असतो. हनुवटी म्हणजे डोक्याचं लांबचं टोक. हातपंपाचा दांडा जसा टोकाला धरला की सहज हलतो, तसं हनुवटीवर बाजूनं बसलं की सगळं डोकं गर्रकन फिरतं. कवटी फिरते, मेंदू मागं राहतो आणि पिळवटतो. त्या पिळात मेंदूच्या बुंध्याशी, जिथं माणसाला जागं ठेवायचं काम चालतं, तिथला कारभार क्षणभर बंद पडतो. नारळ कानाशी धरून हलवा. करवंटी कितीही जाड असली तरी आतलं पाणी डुचमळतंच. बॉक्सर रोज मार खाऊन फार तर करवंटी जाड करेल, पाण्याचं काय करणार?

ठोशाची ताकद किती, त्याचाही अंदाज असावा. 1985 साली ब्रिटनमध्ये फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला गेला. मूठ आदळताना वेग सेकंदाला 8.9 मीटर आणि जोर 4 हजार न्यूटनच्या वर, म्हणजे साधारण चारशे किलोचा भार क्षणभर. हे रोज थोडं थोडं खाऊन अंगवळणी पडेल म्हणणारा माणूस घोणस चावून घेऊन विष पचवायला निघालाय.

मेसेजमधलं खरं असेल ते नाकारायचं नाही. सरावानं ठोसा "कमी लागतो", हे मी स्वतः अनुभवलंय. पण कमी लागतं म्हणजे काय होतं? पहिल्या महिन्यात समोरून हात आला की माझे डोळे आपोआप मिटायचे. आमचे सर खालून ओरडायचे, "आरं, डोळं कशाला मिटालास? बघ की!" सहा महिन्यांनी डोळे उघडे राहायला लागले. ठोसा दिसायला लागला. दिसला की हनुवटी खाली जाते, दात गमशील्डवर (दातांवर चढवायच्या रबरी पट्टीवर) घट्ट बसतात, खांदा वर येतो, डोकं दोन बोटं सरकतं. जो ठोसा कपाळाच्या मधोमध बसला असता तो घासून जातो. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं मार पचवतंय. खरं म्हणजे त्याला निम्मा मार लागलेलाच नसतो. भीती कमी होते, दुखणं सोसायची सवय होते, या दोन्ही गोष्टी सरावानं येतात. शुद्ध टिकवायची सवय मात्र सरावानं लागत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेचा बॉक्सर रॉय जोन्स. वर्षानुवर्षं त्याला कुणी नॉकआउट करू शकलं नव्हतं. लोक म्हणायचे, हनुवटी लोखंडाची. मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरनं त्याला दुसऱ्याच राउंडला झोपवलं आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सननं नवव्या राउंडला पुन्हा. चार महिन्यांत लोखंडाची हनुवटी मातीची झाली का? पस्तिशीत पायातली चपळाई गेली होती. आधी जे ठोसे हवेत जायचे, ते आता बसायला लागले, एवढंच.

मानेबद्दल मामांशी माझी फोनवर अर्धा तास जुंपली, कारण इथं त्यांची बाजू अर्धी बरोबर आहे. गर्दनखेच, ब्रिज, मानेवर जोडीदाराला बसवून मारलेले जोर, यातून तयार झालेली मान बघितली की बॉक्सरनं लाजावं. आणि मानेचा उपयोग होतो. अमेरिकेत फुटबॉल (आपल्याकडचा, पायानं खेळायचा), बास्केटबॉल आणि लॅक्रॉस खेळणाऱ्या साडेसहा हजारांवर शाळकरी मुलांमुलींच्या मानेची ताकद मोजून त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. तो अभ्यास 2014 साली छापून आला. मानेची ताकद एक पौंडानं जास्त, तर मेंदूला धक्का बसायची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी कमी, असं त्यात दिसलं.

पण मान वाचवते ती आधी ताठ झाली तर. ठोसा बसायला लागतो डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, आणि न दिसलेल्या ठोशापुढं जाड मानही सैलच असते. म्हणून बॉक्सर सांगतात, पाडतो तो न दिसलेला ठोसा. मामा म्हणाले, "आरं मग आमच्यातबी तसंच हाय की. डाव लागायच्या आधी कळला तर गडी निसटतोय, न्हाई कळला तर हिंदकेसरी आसला तरी चितपट." मी म्हटलं, मामा, हेच लिहा ग्रुपवर. त्यांनी लिहिलं नाही.

पोटाचं मेसेजमध्ये नाही, तरी सांगतो, कारण सोसायची तयारी खरंच होते ती तिथं. मेडिसिन बॉल पोटावर आपटून घेतात, श्वास सोडत स्नायू आवळायला शिकतात. तिथंही उजव्या बरगड्यांखाली यकृत आहे. सप्टेंबर 2004 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सचा एक डावा ठोसा ऑस्कर डे ला होयाच्या तिथं बसला. इतका कसलेला बॉक्सर पूर्ण शुद्धीत होता, तरी पंचानं दहा मोजेपर्यंत उठू शकला नाही.

ग्लोव्ह्जची गादी. बॉक्सिंगच्या क्वीन्सबेरी नियमांनी 1867 मध्ये ग्लोव्ह्ज आणले. ते वाचवतात मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताला. उघड्या मुठीनं कपाळावर मारून बघा (नको, खरंच नको). करंगळीच्या मागचं हाड मोडतं आणि त्या मोडण्याला वैद्यकात नावच "बॉक्सर फ्रॅक्चर" आहे. मूठ शाबूत राहते म्हटल्यावर डोक्यावर बिनधास्त आणि पुन्हापुन्हा मारता येतं. हेल्मेटचंही तेच. कातडी फाटत नाही, भुवई फुटत नाही, कान वाचतो. डोकं फिरायचं ते फिरतंच, शिवाय बाजूचा ठोसा दिसायला अडथळा. 2013 मध्ये पुरुषांच्या वरच्या गटातून हेल्मेट काढलं गेलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्यानं खेळले. सरावात मात्र घालावं. टाके कुणाला हवेत?

आता अली. मेसेजमधला सगळ्यात लाडका मुद्दा आणि सगळ्यात चुकीचा वाचलेला. 30 ऑक्टोबर 1974, आफ्रिकेतलं किन्शासा, समोर तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमन. अली दोरांना टेकून उभा राहिला आणि फोरमन मारत राहिला, हे खरं. पण तो सामना पुन्हा लावून अलीचे हात बघा. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, ग्लोव्ह्ज गालांवर. बहुतेक ठोसे दंडावर आणि हातांवर पडतायत. सैल दोरांवर मागं झुकून तो डोकं लांब नेतोय, फोरमनची मान धरून त्याला खाली दाबतोय आणि मध्येच सरळ उजवा हात ठेवून देतोय. फोरमन आठव्या राउंडपर्यंत दमून गेला आणि मग पडला. समोरच्याला मोकळं मारू देऊन त्याचा दम संपवायचा, हा डाव खासबागेच्या कुस्ती मैदानातल्या प्रेक्षकाला मी काय समजावणार?

अलीनं खरोखर मार खाल्ला तो इतर ठिकाणी. सरावात जोडीदारांना तो स्वतःला मारू द्यायचा. 1975 ला मनिलात जो फ्रेझरशी चौदा राउंड झाले. 1977 मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याला सोडून गेले. त्यानं थांबावं, असं त्यांचं म्हणणं होतं. अली थांबला नाही. ऑक्टोबर 1980 मध्ये लॅरी होम्सनं त्याला दहा राउंड झोडपलं, तेव्हा अलीच्याच कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाला सामना थांबवावा लागला. त्या सामन्यात अली एकदाही पडला नाही. 1984 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याला पार्किन्सन्सचं (कंपवाताचं) निदान झालं. तो आजार ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांत एकमत नाही, म्हणून मीही तसं म्हणत नाही. पण मार पचवल्याचा दाखला म्हणून अलीचं नाव घेणाऱ्यानं 1974 वर थांबू नये.

"जो पडत नाही, त्याला काही होत नाही." या ओळीनं मला हा लेख लिहायला बसवलं.

2016 चा पावसाळा. माझ्यापेक्षा दहा किलोनं जड मुलाबरोबर स्पारिंग (सरावाची लढत) चालू होतं. त्याचा उजवा हूक, म्हणजे बाजूनं वळून येणारा ठोसा, कानशिलावर बसला. मी पडलो नाही. हसलो, उरलेले दोन राउंड केले, सरांनी पाठ थोपटली. घरी आलो, जेवलो. आईनं विचारलं, "गाडी कुठाय?" गाडी जिमखालीच होती. मी रंकाळ्याच्या कडेनं पाऊण तास पावसात चालत आलो होतो आणि त्यातलं एक पाऊल मला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "पडला न्हाईस, लई भारी," आणि मी पुन्हा ग्लोव्ह्ज चढवले. पुढचे दहा दिवस ट्यूबलाइटचा उजेड सोसवेना. सर वाईट नव्हते, त्यांनाही तेच शिकवलेलं होतं.

न पडणाऱ्यांची यादी बघा. डुक कू किम, कोरियाचा बॉक्सर, नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीसमोर तेरा राउंड उभा होता. चौदाव्यात पडला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर जागतिक लढती पंधरावरून बारा राउंडवर आल्या. जेरी क्वारी, साठ-सत्तरच्या दशकातला हेवीवेट, मार खाऊन पुढं येण्याबद्दल ज्याचं कौतुक व्हायचं. पन्नाशीला पोचताना भावाला त्याचे कपडे घालून द्यावे लागत होते. 1999 मध्ये, 53 व्या वर्षी तो वारला. अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरनं बॉक्सरांच्या या अवस्थेवर 1928 मध्येच लिहिलं होतं. "पंच ड्रंक", ठोशांनी झिंगलेला, हा शब्द त्याला बॉक्सिंगच्या अड्ड्यांवरच मिळाला. तिथल्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं. आणि हे नुकसान नुसत्या नॉकआउटनी होत नाही. सरावात रोज बसणारे, ज्यांची कुणी नोंद ठेवत नाही ते मध्यम ठोसे त्यात धरावे लागतात.

म्हणून पोरांना मार खायला शिकवा, ही शेवटची ओळ. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिकवायला पाय आहेत, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आहे, खांद्यामागं लपणं आहे, दोरी आहे. स्पारिंग करायचंच तर छातीपोटापुरतं आणि बरोबरीच्या वजनाशी. डोक्याला बसल्यावर पोरगं गोंधळलं, डोकं धरून बसलं, तर त्या दिवशी ग्लोव्ह्ज उतरवायचे आणि डॉक्टरनं हो म्हणेपर्यंत चढवायचे नाहीत. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो साधा असला तरी महागात पडतो. उलटी झाली, जीभ जड झाली, डोकेदुखी वाढत गेली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर हळद-दूध पाजून झोपवू नका, तडक सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, न्या. आणि मोठ्या माणसानं आत जावं. डॉक्टर विचारतील किती लागलं, आणि पोरगं म्हणेल, "काय न्हाई, जरासं." तेव्हा कुठं बसला, किती बसले आणि नंतर पोरगं काय बरळलं, हे शेजारच्यानं सांगायचं असतं.