मासा एवढा, नियम व अटी लागू

मी ॲड एजन्सीत कॉपी लिहितो, म्हणजे दिवसभर साबणाला नाहीतर कुणाच्या तरी टू-बीएचकेला भाव चढवायचा. त्यामुळे मासेमारीवर विनोदी पुस्तक लिहायचं डोक्यात आलं तेव्हा वाटलं यात काय अवघड आहे, माशांचा अनुभव नसेल पण आमिष लावायचा आहेच की! चार रविवार गळ टाकून बसायचं, मटेरियल गोळा करायचं, झालं पुस्तक.

मुंबईत गळ टाकायचा म्हणजे पवई, तिथेही गळवाल्यांच्या असोसिएशनचा मेंबर असलेल्या मित्राचा वशिला लावून. हा तलाव इंग्रजांनी 1891 मध्ये मुंबईला पाणी पाजायला बांधला आणि मग कळलं की पाणी पिण्यालायकच नाही. आधी लाँच, मग टेस्टिंग. आमच्या क्लायंटकडे अजूनही हीच पद्धत आहे. त्यात तलावात मगरी आहेत, अगदी खऱ्या, त्यामुळे पाण्यात पाय सोडून निवांत बसायचं वगैरे पुस्तकाचं जे कव्हर मनात होतं ते लगेच कॅन्सल.

शेजारी एक रिटायर्ड काका असायचे. डब्यात शेंगदाण्याच्या पेंडीचा घट्ट मळलेला गोळा, त्यात पाव, बडीशेप आणि अजून काहीतरी, जे ते बायकोलाही सांगत नाहीत. त्यांनीच समजावलं की कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. मला भरूनच आलं हो, हे तर आमचं सेगमेंटेशन! अपर, मिडल, लोअर, नुसतं पीपीटीत टाकायचं बाकी. मी सवयीने मिडल क्लास पकडला, दोरीवर बूच सरकवून गळ बरोबर मधल्या थरात सोडला आणि बसलो. उन्हात डोळे चुरचुरायला लागले, बूच हललं, मी उठलो, काका म्हणाले, "बस रे, तो नुसता चाखून बघतोय." म्हणजे फ्री सॅम्पल घेणारं गिऱ्हाईक इथेही आहेच.

शेवटी लागला तो चिलापी. मूळचा आफ्रिकेचा, 1952 मध्ये भारतात आणलेला, काहीही खातो, कुठेही वाढतो. तळहाताएवढा होता. काकांनी बघितलं आणि "याला आमिष तरी कशाला लागतं" म्हणून परत पाण्याकडे तोंड केलं.

पण मला खरं खाली बघायला लावलं ते काकांच्या गोष्टींनी. आमच्यावर नजर ठेवायला 1985 पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल आहे, 'नंबर वन' म्हटलं की पुरावा काढा, खाली बारीक अक्षरात डिस्क्लेमर टाका, कटकट नुसती. काकांच्या कटल्याला असलं काही नाही. दोन्ही हात पसरून "हा एवढा!" बास, विषय संपला. फोटो? मोबाइल चार्जिंगला होता. कुणी बघितला? बघणारा दुबईला गेला. आणि हे सगळं इतक्या शांतपणे की आमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर त्यांच्याकडे इंटर्नशिपला पाठवावेत.

मी पुस्तक लिहितोय कळल्यावर काका एकदम सरसावून बसले.

"माझा कटला किती किलोचा लिहिणार?"

"तुम्ही मागच्या वेळी बारा म्हणाला होता काका."

त्यांनी गोळ्यातून चिमूटभर पीठ काढून गळाला लावलं, बोटं पँटला पुसली.

"अठरा लिही. बारा किलोच्या माशावर कोण पैसे घालणार?"