गॅसच गेला असणार

मागच्या रविवारी भर दुपारी मी एका ट्रेलरच्या छतावर पाऊण तास अडकून बसलो होतो, कारण खालची शिडी गायब झाली होती. ती कोणी नेली ते पुढे येईलच. समोरच्या काकांशी मी अजून नीट बोलत नाहीये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

ट्रेलर मेहुण्याचा. गाडीमागे जोडायचा, पचमढी गाठायची, आत पलंग, ओटा आणि छतावर एसी. निघायला दोन दिवस उरले आणि एसी नुसता ‘हंऽऽ’ करून, खट्‌कन बंद पडायला लागला. मेहुण्याला उंचीवर चक्कर येते. मला येत नाही, एवढ्या गुणावर मी वर चढलो. मे महिन्यातलं इंदूर, पायाखाली तापलेला पत्रा.

हा एसी घरातल्या स्प्लिटसारखा नसतो. आत एक डबा, बाहेर एक डबा असली फारकत नाही. सगळा संसार एकाच खोक्यात. छताला चौदा इंच लांब-रुंद चौकोन कापायचा, मध्ये जाड स्पंजची गॅस्केट, वर खोकं आणि आतून चार बोल्ट आवळायचे. वरचं झाकण काढलं तर कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, जाळीत धूळ, पिसं आणि एका कबुतराचा अर्धवट सोडलेला गृहप्रकल्प.

तेवढ्यात समोरचे काका पोह्यांची बशी घेऊन आले. वर शेव, जीरावण मसाला. शिडीही त्यांचीच, म्हणून आपल्याला अध्यक्षपद आहे असा त्यांचा समज.

“गॅस गेला असणार,” ते म्हणाले. अजून एसीकडे बघितलंही नव्हतं.

“काका, हा सीलबंद असतो. ह्याला गॅस भरायला तोंडच ठेवलेलं नाही.”

“मग भरला कुठून?”

“कारखान्यात भरला आणि नळी बंद करून टाकली.”

“म्हणजे भरला होता ना? मग संपणारच. सिलिंडर नाही संपत?”

“सिलिंडरमधला आपण जाळतो, काका. हा आतल्या आत फिरत राहतो.”

“चोवीस तास फिरून फिरून माणूस संपतो रे,” काकांनी शेव चावली, “गॅसचं काय घेऊन बसलास?”

ह्यावर उत्तर नव्हतं. काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. मीटरच्या खात्यात होते की बिलांच्या, ते कधी सांगत नाहीत. पण खाली उभं राहून त्यांनी प्लगचं बटण दर दहा सेकंदांनी चालू-बंद करायला सुरुवात केली. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद झाला की आतला दाब समान व्हायला तीन-एक मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर तो बिचारा कण्हतो आणि पुन्हा बसतो. हे मी ओरडून सांगितलं. “तीन मिनिटं? आमच्या वेळी पंखे लगेच फिरायचे!” शेवटी मी प्लग काढायला लावून वायरच वर ओढून घेतली. मेहुण्याची ती वायर, टेबल फॅनच्या लायकीची, हातालासुद्धा गरम लागली. दीड हजार वॅटचा एसी तिच्यावर चालवायचा म्हणजे गाडीभर कडबा सायकलवर लादण्यासारखं.

आणि ज्याला त्याला एसी हवा. ‘शब-ए-मालवा’ म्हणून ज्या रात्रींचं कौतुक, त्या माळव्यात आमचे आजोबा गच्चीवर पाणी शिंपडून झोपायचे, पहाटे अंगावर चादर ओढायचे. आता गच्चीवर टाक्या आणि एसीचे डबे. झोपायला जागाच नाही. असो.

दोष सापडला. कपॅसिटर. टोपण पुरीसारखं फुगलेलं. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा हाच. हा गेला की नुसती घरघर. प्लग काढला तरी ह्याच्या पोटात वीज साठून असते, त्यामुळे आधी ती उतरवावी लागते. मी जपून उतरवली. मेहुणा गाडी काढून महाराणी रोडला नवा आणायला गेला. आणि तेव्हाच समोरून काकूंची हाक आली, “अहो, माळ्यावरची लोणच्याची बरणी काढून द्या!”

काका शिडी घेऊन गेले. बरणी निघाली, जेवण झालं, आणि काका झोपले.

माझा फोन खाली ओट्यावर. मी कबुतराच्या घरट्याशेजारी प्लायच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसलो. कचरागाडी नेहमीसारखी गाणं वाजवत आली. शहर स्वच्छतेत पहिलं येण्याची सवय लागलेलं, त्यामुळे त्यातला पोरगा कर्तव्यात कसूर करत नाही. घामाने निथळणाऱ्या माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “भिया, ये ऊपर वाला गीला है कि सूखा?” गाडी हसत पुढे गेली. शिडीचं मात्र कोणी विचारलं नाही.

मेहुणा आला, येताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत शिकंजी पिऊन. मला वर बघून म्हणाला, “वरच आहात तर बसवूनच या ना, भावजी.” कपॅसिटर फेकला, मी बसवला, जाळी ब्रशने झाडली. घरातून जाड वायर आणून जोडली आणि पहिल्याच फटक्यात एसी चालू झाला. उतरण्यासाठी त्याने गाडी ट्रेलरला खेटून लावली. तिच्या टपाला पोचा पडला. त्याचे पैसे मागेल असं वाटलं नव्हतं, मागितले.

संध्याकाळी काका डोळे चोळत आले. आत शिरून गारव्यात बसले. “भरून घेतलास ना गॅस? म्हटलं नव्हतं?” आणि मेहुणा, माझ्या सख्ख्या बायकोचा सख्खा भाऊ, म्हणाला, “काकांचा अनुभव!”

काल पचमढीहून त्याचा फोन आला. एसी मस्त चाललाय, फक्त रात्री आत पाणी ठिबकतं. मी विचारलं, ट्रेलर उतारावर लावलायस का, पाण्याचा ट्रे एका बाजूला कलला की असं होतं, नाहीतर चार बोल्ट सारखे आवळून बघ. पेपर न्यायला आलेल्या काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले, “गॅस जास्त झाला असणार.”